सव्वासहा तासांची रात्र: न सोडलेल्या मेमरीचा घटनाक्रम

२०१२ चा पावसाळा मराठवाड्याला कोरडा गेला. ऑक्टोबर उजाडला तरी पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, उपयुक्त साठा नावापुरताच होता. धरणाच्या भिंतीवरून बघितलं तर पाणी दिसत होतं, पण ते बहुतेक मृतसाठ्यातलं, म्हणजे कालव्यात सोडता येत नाही असं. जायकवाडीची एकूण साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी). त्यातला मृतसाठा ७३८ दलघमी, म्हणजे २६ टीएमसी (अब्ज घनफूट). म्हणून पाणीसाठ्याच्या तक्त्यात दोन रकाने असतात: एकूण साठा आणि उपयुक्त साठा. पैठणचा शेतकरी पहिल्या रकान्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती आपल्या कामाचं, हे त्याला महत्त्वाचं.

संगणकाच्या मेमरीलाही हे दोन रकाने लागतात. मेमरी भरलेली दिसते, पण तिच्यातली किती खरोखर कामात आहे आणि किती कुणीतरी नुसतीच अडवून बसलंय, हे वेगळं मोजावं लागतं. ते मोजलं नाही तर काय होतं, याचा धडा त्याच ऑक्टोबरात अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीला मिळाला. २२ ऑक्टोबर २०१२, सोमवार. आपल्याकडे दसरा दोन दिवसांवर होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर व्हर्जिनियातल्या अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरमध्ये एका बिनमहत्त्वाच्या प्रोग्रॅमने मेमरी खाऊन टाकली आणि जगातल्या अनेक नावाजलेल्या वेबसाइट एकाच वेळी आडव्या झाल्या. कंपनीने नंतर स्वतः प्रसिद्ध केलेल्या अहवालात सगळ्या वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे आहेत. त्या दिवसांत ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे होतं. इथे वेळा भारतीय दिल्या आहेत.

आधीचा आठवडा: एक सर्व्हर बदलला

अ‍ॅमेझॉनची ईबीएस नावाची सेवा म्हणजे भाड्याने मिळणारी हार्ड डिस्क. तुमचा प्रोग्रॅम एका यंत्रावर चालतो आणि त्याचा डेटा नेटवर्कपलीकडच्या दुसऱ्या, साठवणीच्या यंत्रावर राहतो. अशा प्रत्येक साठवण सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असे. त्याला एजंट म्हणत. त्याचं काम देखभालीसाठी लागणारी माहिती गोळा करून ठरावीक सर्व्हरांकडे पाठवणं, एवढंच. माहिती उशिरा गेली किंवा अजिबात गेली नाही तरी ग्राहकाचं काही अडत नसे. यंत्रणा मुद्दाम तशीच आखली होती.

माहिती गोळा करणाऱ्या या सर्व्हरांपैकी एक बिघडला. त्याच्या जागी नवा बसवला. नाव आणि पत्ता यांची जोडी सांभाळणाऱ्या डीएनएसमध्ये जुन्या सर्व्हरची नोंद काढून नव्याची घातली. ही रोजची कामं आहेत, अशा बदलांसाठी कुणी रात्र जागवत नाही.

मात्र पत्त्यातला हा बदल आतल्या सगळ्या डीएनएस सर्व्हरपर्यंत पोचला नाही, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. साठवण सर्व्हरांपैकी काहींना नवा पत्ता मिळालाच नाही. त्यांच्यावरचे एजंट मेलेल्या सर्व्हरचंच दार वाजवत राहिले.

पुढचे दिवस: किलोबाइटचा हिशेब

एजंटमध्ये एक जुना, दबून बसलेला दोष होता. समोरून उत्तर नाही आलं तर गप्प बसण्याऐवजी तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करी, आणि या खटाटोपात थोडी थोडी मेमरी खर्ची पडे. यालाच मेमरी लीक म्हणतात.

असा लीक साधारणपणे कसा होतो ते जवळून बघू. प्रोग्रॅमला कुणाशी संपर्क साधायचा तर तो आधी ऑपरेटिंग सिस्टिमकडून मेमरीचा एक तुकडा मागून घेतो. त्यात समोरच्याचा पत्ता, पाठवायचा मजकूर आणि येणाऱ्या उत्तरासाठी रिकामी जागा असते. उत्तर आलं, काम झालं, की तुकडा परत करायचा. हा झाला सुरळीत रस्ता. प्रोग्रॅमर तो लिहितो, तपासतो, शंभरदा चालवून बघतो. उत्तर आलंच नाही तर काय, ही वाट मात्र एरवी कुणी चालत नाही. त्या वाटेवर तुकडा परत करायची ओळ लिहायची राहून गेली, तर संपर्क फसेल तेव्हा तेव्हा एक तुकडा कायमचा अडकतो.

समजा एका फसलेल्या प्रयत्नात एक किलोबाइट अडकला आणि प्रयत्न सेकंदाला एक. दिवसाला ८६,४०० किलोबाइट, म्हणजे सुमारे ८४ मेगाबाइट. मोठ्या सर्व्हरला हे पहिल्या दिवशी जाणवतही नाही. आठवड्यात ते सहाशे मेगाबाइटच्या घरात जातं. वेग वाढला तर त्याहून कितीतरी पुढे. व्हर्जिनियातल्या त्या सर्व्हरांवर सोमवार उजाडेपर्यंत मेमरी जाण्याचा वेग बराच वाढला होता, असं अहवाल सांगतो.

मग अलार्म का वाजला नाही? लक्ष होतं, पण पहिल्या रकान्यावर. प्रत्येक सर्व्हरवर एकूण किती मेमरी वापरात आहे, हे मोजलं जात होतं. पण ईबीएसचे सर्व्हर ग्राहकांच्या डेटासाठी जवळजवळ सगळी मेमरी वापरतात. कधी जास्त, कधी कमी, गरजेप्रमाणे. मेमरी रिकामी ठेवून उपयोग काय, असा तो हिशेब, आणि तो चूक नाही. पण त्यामुळे भरलेली मेमरी हीच रोजची अवस्था झाली. एकूण आकड्यावर अलार्म लावायचा तर कितीवर लावायचा? त्या एकूण आकड्यात ग्राहकाचा डेटा किती आणि एजंटने अडवलेला मृतसाठा किती, हे वेगळं करणारा रकानाच नव्हता.

सोमवार, रात्री १०:३०: काही डिस्क अडकल्या

पश्चिम किनाऱ्यावरच्या सिअ‍ॅटलला सकाळचे दहा, व्हर्जिनियात दुपारचा एक. अमेरिकेतला कामाचा ऐन दिवस. अ‍ॅमेझॉनच्या पूर्व विभागातल्या पाच झोनपैकी, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या डेटा सेंटरच्या गटांपैकी, एका झोनमध्ये काही थोड्या डिस्क मंदावल्या. काही पार अडकल्या, म्हणजे वाचायची किंवा लिहायची विनंती जाते आणि उत्तर येत नाही.

मेमरी कमी पडली की प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक वेळा तो आधी मंदावतो. सर्व्हरला वाचण्या-लिहिण्याची प्रत्येक विनंती हाताळायला थोडी मेमरी लागते. ती मिळेना की विनंत्या रांगेत थांबतात. ऑपरेटिंग सिस्टिम इकडची तिकडची मेमरी मोकळी करायला धावते आणि त्यातच प्रोसेसरचा वेळ जातो. जवळ ठेवलेला डेटा टाकून द्यावा लागतो आणि मग तोच पुन्हा डिस्कवरून आणावा लागतो. रांग वाढली की रांगेतल्या विनंत्यांनाच आणखी मेमरी लागते. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच: पान उघडत नाही, गोल फिरत राहतो.

रात्री ११:३०: धावून आलेली मदत

ईबीएसमध्ये बिघाडावर आपोआप चालणारा उपाय होता. एखादा सर्व्हर आजारी दिसला की त्याच्यावरचा भार धडधाकट सर्व्हरवर हलवायचा. एखाददुसरा सर्व्हर बिघडतो तेव्हा हा उपाय बिनबोभाट काम करतो. पण त्या रात्री बरेच सर्व्हर एकाच सुमाराला मेमरीविना झाले, कारण सगळ्यांवर तोच एजंट होता, तोच दोष होता आणि पत्ताही तोच चुकीचा होता. भार हलवायला पुरेसे धडधाकट सर्व्हर सापडेनात. हलवाहलव सुरूच राहिली आणि आणखी डिस्क अडकत गेल्या. प्रकरण हाताबाहेर गेलं. साडेअकराच्या सुमाराला त्या झोनमधल्या मोठ्या संख्येने डिस्क निकामी होत्या.

अ‍ॅमेझॉनला हा अनुभव नवा नव्हता. दीड वर्षापूर्वी, एप्रिल २०११ मध्ये, याच विभागात नेटवर्कच्या एका चुकीच्या बदलानंतर असंख्य डिस्क एकाच वेळी आपल्या डेटाच्या दुसऱ्या प्रतीसाठी जागा शोधू लागल्या होत्या आणि त्या धावपळीनेच यंत्रणा गुदमरली होती. त्या वेळी सुरुवात नेटवर्कपासून झाली, या वेळी मेमरीपासून. पुढची गोष्ट तीच.

आता बाहेरच्या जगाला कळायला लागलं. रेडिट, फोरस्क्वेअर, पिंटरेस्ट, एअरबीएनबी, आणि ज्यावर इतरांची अनेक अ‍ॅप चालतात ते हेरोकू, सगळ्यांची कमीजास्त वाताहत झाली. अ‍ॅमेझॉनची डेटाबेस सेवाही याच डिस्कवर उभी होती, त्यामुळे तिचे ग्राहकही अडकले. दोन झोनमध्ये डेटाबेस ठेवण्यासाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्या काहींचा डेटाबेसही वेळेवर दुसरीकडे गेला नाही. एकाच कंपनीच्या, एकाच विभागाच्या, एकाच झोनवर किती जणांचं दुकान चालतं, हे त्या रात्री उघडं पडलं.

रात्री ११:४०: उपायाचाच वेग कमी केला

अभियंत्यांनी पहिला परिणामकारक निर्णय घेतला तो भार हलवण्याचा वेग कमी करण्याचा. दोष अजून सापडला नव्हता. मेमरी कुठे चालली आहे, याचा पत्ता नव्हता. पण आपोआप धावणारी मदतच भार वाढवत होती, एवढं दिसत होतं, म्हणून तिचाच लगाम खेचला.

मध्यरात्र, १२:०५: पहिला दिलासा

पंचवीस मिनिटांत फरक पडला. हलवाहलव कमी झाल्यावर सर्व्हरांना थोडी उसंत मिळाली आणि बऱ्याच डिस्क आपापल्या सुरू व्हायला लागल्या. मुळातला लीक चालूच होता.

१२:३६: ग्राहकांचेच हात बांधले गेले

झोन बिघडला की ग्राहकाला काय सुचतं? आपला पसारा दुसऱ्या झोनमध्ये हलवावा. त्यासाठी नवी यंत्रं सुरू करा, डिस्क जोडा, डिस्क सोडवा, अशा आज्ञांचा पाऊस पडतो. नियंत्रण यंत्रणा या पावसात वाहून जाऊ नये म्हणून अ‍ॅमेझॉनने १२:३६ वाजता आज्ञांवर मर्यादा घातली. ती गरजेपेक्षा कडक होती. ज्यांचं सामान बिघडलेल्या झोनमध्ये होतं त्यांना ते बाहेर काढता येईना, कारण त्यांच्याच आज्ञा परतवल्या जात होत्या. हे जवळपास अडीच तास चाललं. पुढे कंपनीने ही चूक कबूल केली आणि या काळात ज्यांच्या आज्ञा अडवल्या गेल्या त्यांना त्या दिवशीच्या तीन तासांच्या वापराचे पूर्ण पैसे परत दिले.

मंगळवार, पहाटे २:१०: साठ टक्के, पण कारण कुठे?

अडकलेल्या डिस्कपैकी सुमारे ६० टक्के परत सुरू झाल्या. मूळ कारण मात्र अजून हाती नव्हतं. भार हलवण्याचा आणि डिस्क सावरण्याचा जो गोंधळ उसळला होता, त्यात खरी खूण शोधणं कठीण होतं. सगळेच सर्व्हर थकलेले, सगळ्यांचीच मेमरी भरलेली. त्यातला आधी कोण आजारी पडला आणि त्याच्यामुळे मग कोण, हे ओळखायचं कसं?

रात्री दोननंतरच्या या वेळेला मेमरी लीकच्या इतिहासात आधीची एक नोंद आहे. ४ नोव्हेंबर १९९२, लंडन. शहराच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेची संगणकीय यंत्रणा रात्री दोन वाजून थोडा वेळ झाल्यावर मंदावली आणि मग पार थांबली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, उपयोग झाला नाही. पर्यायी सर्व्हरनेही जागा घेतली नाही. कर्मचारी कागद आणि टेलिफोनवर परतले. चौकशीत कळलं ते असं: तीनेक आठवड्यांपूर्वी प्रोग्रॅममध्ये केलेल्या कामात थोडा नको असलेला कोड चुकून तसाच मागे राहिला होता. एक अ‍ॅम्ब्युलन्स रवाना झाली की सर्व्हरची थोडी मेमरी खर्च व्हायची आणि परत मिळायची नाही. तीन आठवडे शहरभर अ‍ॅम्ब्युलन्स जात होत्या आणि प्रत्येक फेरीला मेमरी आटत होती. चौकशी समितीने निष्काळजीपणा आणि कोड न तपासता वापरात आणणं, या दोन्हींवर बोट ठेवलं. वीस वर्षांनी व्हर्जिनियात तेच घडलं. फरक इतकाच, की लंडनला मेमरी कामामुळे जात होती आणि इथे काम न झाल्यामुळे.

अडीच ते तीन: कचरा आपोआप उचलला असता तर?

इथे वाचकाला प्रश्न पडेल. मेमरी परत करायचं काम प्रोग्रॅमरच्या आठवणीवर सोडायचंच कशाला? हा प्रश्न जॉन मॅकार्थी यांना १९५९ च्या सुमारालाच पडला होता. लिस्प या भाषेसाठी त्यांनी उत्तरही काढलं. आज जावा, सी शार्प, पायथन, गो, जावास्क्रिप्ट या सगळ्या भाषांत ते उत्तर कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. त्याला गार्बेज कलेक्टर म्हणतात.

याची मूळ पद्धत सोपी आहे. प्रोग्रॅम या क्षणी ज्या वस्तू थेट वापरतो आहे, तिथून सुरुवात करायची. त्या वस्तू ज्यांचा पत्ता धरून आहेत त्यांच्याकडे जायचं, तिथून पुढे, आणखी पुढे. जिथे जिथे पोचता आलं तिथे खूण करायची. शेवटी बिनखुणेचं जे उरलं ते कुणाच्याच हाती नाही, म्हणून मोकळं करायचं. मेमरी परत करायला विसरण्याची एक मोठी चूक यामुळे जवळजवळ नाहीशी झाली.

पण ही सोय फुकट नाही. मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्जर या संशोधकांनी २००५ मध्ये ती किंमत मोजून दाखवली. जावाचे प्रोग्रॅम एकदा गार्बेज कलेक्टरने आणि एकदा हाताने मेमरी सोडून चालवले तर काय होतं, हे त्यांनी तपासलं. मेमरी गरजेच्या पाचपट दिली तर उत्तम कलेक्टर हाताने सोडण्याच्या बरोबरीने चालतो. तिप्पट दिली तर सरासरी १७ टक्के मागे पडतो. दुप्पट दिली तर जवळपास ७० टक्के. म्हणजे स्वयंचलित व्यवस्था वेगवान की मंद, हे कलेक्टरपेक्षा शिल्लक मेमरीवर जास्त ठरतं. भरपूर मोकळी जागा असेल तर त्याला क्वचितच कामाला लागावं लागतं. जागा चिंचोळी झाली की त्याला सतत राबावं लागतं, आणि राबताना काही काळ तो बाकीचा प्रोग्रॅम थांबवूनही धरतो. २०२० मध्ये डिस्कॉर्ड या कंपनीने आपली एक सेवा गो भाषेतून काढून रस्ट या कलेक्टर नसलेल्या भाषेत नेली, ती याच थांबण्यासाठी. गोचा कलेक्टर निदान दर दोन मिनिटांनी एकदा तरी चालतोच. त्या सेवेत लाखो वस्तू मेमरीत ठेवलेल्या होत्या. कचरा फारसा नव्हताच, तरी तो शोधायला कलेक्टरला सगळ्यांवरून नजर फिरवावी लागे आणि दर दोन मिनिटांनी उत्तरं लांबत.

वेगाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मूळ अडचण उरतेच. कलेक्टरला फक्त एकच कळतं: या वस्तूचा पत्ता कुणी धरून आहे की नाही. ती वस्तू पुन्हा कधी लागणार आहे का, हे त्याला कळत नाही. कळणं शक्यच नाही, कारण ते प्रोग्रॅमरच्या डोक्यात असतं.

याचं एक उदाहरण: ८ ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची शर्यत झाली. अंतर १३२ मैल. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक अ‍ॅलन कॉर्नहाउझर यांच्या मार्गदर्शनाखाली एक पिकअप गाडी तयार केली होती. नाव प्रॉस्पेक्ट इलेव्हन. सॉफ्टवेअर सी शार्पमध्ये, म्हणजे मेमरीची काळजी कलेक्टरकडे. गाडी कॅमेऱ्याने समोरचे अडथळे बघे आणि प्रत्येक अडथळ्याची मेमरीत एक नोंद करी. अडथळा मागे पडला की यादीतून नोंद काढून टाकी. सरावातच मुलांच्या लक्षात आलं होतं की चाळीसेक मिनिटांनी मेमरी संपते. कोड पुन्हा पुन्हा वाचला, दोष दिसेना. यादीतून नोंद तर निघत होती!

शर्यतीच्या दिवशी वाटेत अडथळे सरावापेक्षा जास्त निघाले. अर्ध्या तासाच्या आत, दहा मैल व्हायच्या आधीच, संगणक मेमरीविना पडला आणि गाडी थांबली. स्टॅनफर्डच्या स्टॅनली या गाडीने सात तासांच्या आत शर्यत पूर्ण करून २० लाख डॉलरचं बक्षीस नेलं. प्रिन्स्टनच्या मुलांनी मग मेमरी तपासणारं साधन लावलं आणि थोड्याच वेळात दोष दिसला. प्रत्येक अडथळ्याच्या वस्तूने, गाडीची जागा बदलली की मला कळवा, म्हणून एका ठिकाणी आपलं नाव नोंदवलं होतं. यादीतून ती वस्तू निघाली, पण त्या नोंदवहीतलं नाव तसंच राहिलं. नोंदवहीकडे पत्ता आहे, म्हणून कलेक्टरच्या लेखी वस्तू जिवंत. मागे पडलेला प्रत्येक दगड, प्रत्येक झुडूप गाडीच्या मेमरीत जागा अडवून होतं, आणि वर प्रत्येक हालचालीला त्याला कळवण्यात प्रोसेसरचा वेळही जात होता. दुरुस्ती काय होती? नोंदवहीतलं नावही काढणारी एक ओळ.

म्हणजे व्हर्जिनियातला एजंट कलेक्टर असलेल्या भाषेत लिहिला असता, तरी फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद कुठल्यातरी यादीत साचत गेली असती तर सोमवार असाच उजाडला असता.

पहाटे ३:०३: आज्ञा मोकळ्या

ग्राहकांच्या आज्ञांवरची कडक मर्यादा अ‍ॅमेझॉनने उठवली. ज्यांना दुसऱ्या झोनमध्ये जायचं होतं त्यांची वाट मोकळी झाली.

पहाटे ३:४०: चोर सापडला

पहिली डिस्क अडकल्याला पाच तास दहा मिनिटं झाली होती. या वेळी अभियंत्यांना मूळ कारण कळलं: माहिती पाठवणारा तो एजंट. ज्याचं काम झालं नाही तरी कुणाचं अडत नाही, असं गृहीत धरलेलं होतं, त्याने सगळ्यांचं अडवलं होतं. उपाय आता सोपा होता. एजंटने अडवलेली मेमरी सोडवायची. सर्व्हरांना आपली मेमरी परत मिळाली आणि उरलेल्या डिस्क उठू लागल्या.

पहाटे ४:४५: जवळजवळ सगळं सुरळीत

जवळजवळ सगळ्या डिस्क पूर्ववत झाल्या. पहिल्या लक्षणापासून सव्वासहा तास. त्यातले पाच तासांहून अधिक कारण शोधण्यात गेले आणि कारण सापडल्यावर तासाभरात काम झालं. मेमरीच्या बिघाडात हे प्रमाण नेहमीचं आहे. दुरुस्ती लहान असते, शोध मोठा असतो, कारण मेमरी कोण खातंय आणि तिच्याअभावी कोण मरतंय, हे दोघे वेगळे असतात. मेमरी ईबीएसच्या मुख्य प्रोग्रॅमने खाल्ली नव्हती. मेला मात्र तोच.

नंतरचे दिवस: दुरुस्त्या

त्याच आठवड्यात अ‍ॅमेझॉनने सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आणि काय बदलणार ते सांगितलं. लीक बुजवणं हे तर झालंच. डीएनएसमधला बदल सगळीकडे पोचला नाही तर ते लगेच कळावं, अशी व्यवस्था. भार हलवण्याच्या नियमांचा फेरविचार. पण खरा बदल होता तो मेमरी मोजण्यात. यापुढे प्रत्येक सर्व्हरवर एकूण मेमरी न बघता प्रत्येक प्रोग्रॅम किती मेमरी धरून आहे हे वेगळं मोजलं जाईल आणि त्यावर अलार्म असेल. शिवाय कमी महत्त्वाच्या प्रोग्रॅमना मर्यादा घालून दिली जाईल, ती ओलांडून ते मेमरी घेऊच शकणार नाहीत.

हा शेवटचा उपाय आज अगदी साध्या कंपनीतही दिसतो. सर्व्हरवर प्रत्येक प्रोग्रॅमला ठरावीक मेमरी नेमून देतात आणि मर्यादा ओलांडली की ऑपरेटिंग सिस्टिम तो प्रोग्रॅम बंद करते. कुणाला ते क्रूर वाटेल. पण लीक असलेला एजंट अशा रीतीने दुसऱ्याच दिवशी मेला असता, पुन्हा सुरू झाला असता, पुन्हा मेला असता, आणि कुणीतरी विचारलं असतं की हा दर थोड्या वेळाने का मरतो. लीक लवकर आणि एका कोपऱ्यात उघडा पडणं, हेच हवं असतं.

दुसरी शिस्त कोड लिहिणाऱ्याची. भाषा सी असो वा जावा, वस्तू तयार करणाऱ्या ओळीपाशीच ती कधी आणि कोण सोडणार याचं उत्तर हवं. कॅश, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेला डेटा, असेल तर तिला कमाल मर्यादा. कुठे नाव नोंदवलं तर ते काढण्याची जागा. पुन्हा प्रयत्न करायचा तर किती वेळा, आणि तो फसला तर घेतलेलं परत करायचं कुठे. हे प्रश्न प्रोग्रॅम सुरळीत चालत असताना विचारायचे, कारण चूक लपते ती उत्तर न येणाऱ्या वाटेवर, आणि ती वाट चाचणीत कुणी चालवून बघत नाही. समोरचा सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून एजंट आठवडाभर चालू ठेवला असता आणि रोज त्याची मेमरी लिहून ठेवली असती, तर सात आकडे हाती आले असते. सातही चढते दिसले असते. एवढ्या स्वस्त चाचणीने ती रात्र वाचली असती.